धाकू मेस्त्रींचा कान

धाकू मेस्त्रींचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, हे खात्रीने सांगू शकेल असा माणूस आता जगात एकच उरला आहे, आणि तो मी. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडतानाही तेवढी जागा वगळून मी पुढे जातो.

आज लिहायला बसलो त्याला कारण भागीरथीवहिनी. आमच्या लालबागच्या चाळीत त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. गेल्या आठवड्यात जिन्यात भेटल्या. हातात रॉकेलचा डबा होता. तो मी घेतला आणि त्यांच्यामागून चढू लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या दम खायला थांबल्या आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "आज ह्यांची तिथ. त्या दिवशी ती जीप चालली असती तर हे असते. त्या बहिऱ्या कोळ्याने खाल्लं माझ्या माणसाला. तोंडावर मी त्याला पाणी दिलं, वसंतभावजी. पण मनातनं नाय हो दिलं. अजून नाय दिलं."

मी डबा त्यांच्या दाराशी ठेवला आणि खाली आलो.

तो बहिरा कोळी म्हणजे धाकू मेस्त्री. परळला पोयबावडीजवळ आमचं गॅरेज होतं. लढाई संपल्यावर लष्कराच्या जीपा डिस्पोजलमध्ये निघाल्या, त्या कुणी कुणी घेतल्या: लाकडाच्या वखारवाल्यांनी, कंत्राटदारांनी, एखाद्या हौशी डॉक्टराने. चारी चाकांना जोर देणाऱ्या या गाड्या कुठेही चढत, पण चार-पाच वर्षांत सगळ्या कण्हायला लागल्या. आणि कण्हणारी जीप मुंबईत कुठेही असो, शेवटी यायची धाकू मेस्त्रींकडे. क्लचचा आवाज ओळखावा तर त्यांनीच.

मेस्त्री माहीमच्या कोळीवाड्यातले. बुटके, मान जाड, तळहातांवर लहानपणी जाळ्याच्या दोरीने पाडलेल्या रेघा. उजव्या कानाच्या पाळीत सोन्याची बारीक बाळी. म्हणून ऐकायचं ते डाव्या कानाने; बाळी वाजते म्हणायचे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. जेवायला उकिडवे, चहाला उकिडवे, मालकाशी बोलतानाही उकिडवे. मालक खुर्चीत आणि मेस्त्री जमिनीवर, तरी बघणाऱ्याला वाटावं की मालकच खाली बसलाय.

त्यांचं खरं हत्यार पान्यांच्या पेटीत नसे. ते भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असे. दीड हात लांबीचा सागवानी दांडा, धरून धरून गुळगुळीत झालेला. त्यांच्या बापाच्या होडीच्या वल्ह्याचा तुकडा. जीपखाली उताणे शिरले की या दांड्याचं एक टोक ते क्लच झाकणाऱ्या लोखंडी टोपावर टेकवत, दुसरं कानाच्या भोकाशी धरत आणि डोळे मिटत.

"बापूस माझा वल्हं उभं पाण्यात सोडायचा," एकदा त्यांनी सांगितलं, "आणि दांड्याला कान लावायचा. घोळ मासा खाली घोरतो, म्हाईत हाय? घुर्र, घुर्र. बाकीचे पाण्याकडे डोळे फाडून बघत बसायचे. बापूस डोळे मिटायचा. मग बोट दाखवायचा, तिकडे सोडा जाळं. आता मना समुद्रात जायला मिळालं नाय, तर मी लोखंडाच्या पोटातली घोळ शोधतंय."

हे काम एकट्याचं नव्हे. खाली ऐकणारा एक आणि वर क्लचचं पेडल दाबणारा एक. वरचा मी. सात वर्षं मी त्यांचा पाय होतो. कामाला लागलो तेव्हा मी मिशी नीट न फुटलेला, मॅट्रिक नापास, स्वतःला बरंच काही समजणारा होतो. पहिल्या दिवशी मी पेडल दाबून म्हणालो, "मेस्त्री, थोडासा आवाज येतोय."

गाडीखालून उत्तर आलं, "थोडासा? थोडासा म्हंजे किती रे? उद्या माणूस थोडासा मेला म्हनशील."

मग बाहेर येऊन त्यांनी मला धडा दिला, तो आजही माझ्या पोटापाण्याचा धनी आहे. "आवाज कुठून येतो ते मागून इचार. आधी इचार, कधी येतो. पाय नुसता टेकवला की येतो? पाय पुरता दाबला की येतो? का पाय काढल्यावर येतो नि दाबला की जातो?" पाय टेकवताच घरघरलं तर क्लचला ढकलणारं बेअरिंग. पेडल तळाला नेल्यावर बारीक किंचाळलं तर आत, इंजिनाच्या दांड्याच्या टोकात बसलेला छोटा पितळी बुश. पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर क्लच निर्दोष, दोष गिअरबॉक्सचा. "आवाज खोटं बोलत नाय. मानूस त्याला खोटं नाव देतो," हे त्यांचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

रे रोडच्या वखारीतला एक शेठ आठवतो. दोन गॅरेजांत क्लचची प्लेट बदलून आला होता आणि खडखड होती तशीच. मेस्त्रींनी त्याच्या बाजूला बसून एक फेरी मारली. परत आल्यावर चारी चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचा लहान दांडा मधोमध ठेवायला लावला आणि मला गिअर टाकून क्लच सोडायला सांगितलं. गाडी जागच्या जागी, आवाज गायब.

"शेठ, क्लच बिचारा फुकट मार खातोय," मेस्त्री म्हणाले. "चाळीत भांडण मागच्या खोलीत होतं नि शिव्या पुढच्या खोलीला पडतात, तसं झालंय. तुमचं भांडण मागच्या पेटीत हाय."

"दोन मेस्त्री खोटे आणि तू एकटा खरा काय?"

"मी कुठे खरा? आवाज खरा."

दुसरी गोष्ट गिरगावची. एका वकिलाच्या जीपचं काम करून आम्ही ती सकाळी पोचवली. दुपारी मेस्त्रींच्या पुतणीची हळद होती माहीमला. ते गेले. आणि संध्याकाळच्या आत लाल टोपी, कोरा सदरा, गळ्यात झेंडूची माळ अशा थाटात वकिलांच्या दारात उभे. मला त्यांनी वाटेत चाळीतून उचललं होतं. कशाला, ते सांगितलं नव्हतं. वकील चहावरून उठून आले. मेस्त्रींनी माळ काढून माझ्या हातात दिली आणि कोऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले. गिअरबॉक्स धरणारा एक बोल्ट पान्याने आवळून पाहिला. घट्ट होता.

"काय झालं?" वकील घाबरले.

"काय नाय. घट्ट हाय."

"मग आलात कशाला?"

"मघाशी हळद लावताना हात आठवला. तो बोल्ट आवळल्याचं हाताला आठवेना." सदऱ्याची पाठ तेलाने काळी झाली होती. "आता जेवान जाईल."

असा माणूस. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मला माझ्याविषयी सांगायचं आहे.

त्या दिवसांत लालबाग-परळ नुसतं पेटलेलं होतं. मुंबईचं काय होणार, हा एकच विषय. रोज मोर्चा, रोज सभा. गॅरेजच्या दारावरून घोषणा देत माणसं जायची आणि मी पेडलवर पाय ठेवून बाहेर बघत राहायचो. मेस्त्री खालून ओरडायचे, "पाय इथं ठेव, डोलं बी इथं ठेव." एकदा मोर्चातला आमच्या चाळीतला एकजण दारात डोकावून म्हणाला, "मेस्त्री, मुंबई चालली हातची आणि तुम्ही जीपचं पोट काय ऐकताय?"

मेस्त्री डोळे न उघडता म्हणाले, "मुंबईला चाकं नायत. ती आमच्या मुंबाआईची हाय, खय जात नाय. जीपला चाकं हायत. तिला आधी बघू दे."

हशा झाला. पण मला तेव्हा त्यांचा राग आला होता. वाटलं, म्हाताऱ्याला इतिहास दारावरून चाललेला दिसत नाही.

आणि तरी डॉक्टरांची जीप त्यांनीच ठेवून घेतली. दादरचे एक डॉक्टर होते, त्यांनी आपली जीप चळवळीच्या कामाला दिली होती. गोळीबार, लाठीमार झाला की जखमींना गल्लीबोळांतून उचलून परळच्या इस्पितळात पोचवायचं. चालवायचा दिनू म्हणून एक स्वयंसेवक. डॉक्टर स्वतः आले होते. "मेस्त्री, पेडल दाबलं की बारीक ओरडते. चालेल का अजून महिनाभर?"

मी पेडल दाबलं. मेस्त्री खाली गेले, दांडा लावला. बराच वेळ. मग म्हणाले, "चालणार नाय. आतला बुश. आज ओरडतोय, उद्या धरील. धरला की क्लच दाबून उपयोग नाय, गिअर पडणार नाय. मानूस आत घेऊन रस्त्यात उभी राहील."

हे वाक्य माझ्या समोर, स्पष्ट शब्दांत बोलले गेले होते. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तयार बुश बाजारात मिळेना. मेस्त्री रे रोडला गेले, गोदीतून निघालेल्या जुन्या जहाजाच्या पितळेचा तुकडा आणला आणि ओळखीच्या लेथवर बुश कातून घेतला. गरम तेलात बुडवून ठेवला. मग स्वतः बसून आतून घासला. भंगारातल्या एका जीपच्या दांड्यावर सरकवायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. शेवटी दोऱ्याला बांधून नखाने वाजवला. बारीक, लांब नाद आला. "ह्यो माझ्यापेक्षा जास्त जगेल," म्हणाले.

शनिवारी आम्ही दोघांनी जीपचं पोट उघडलं. पुढचे-मागचे दांडे सोडवले, गिअरबॉक्स आणि चार चाकांची पेटी चेनब्लॉकने खाली घेतली. एवढ्यात माहीमहून निरोप आला, मेस्त्रींच्या आईची तब्येत बिघडली होती. त्यांनी हात पुसले, नवा बुश फडक्यात गुंडाळून माझ्या तळहातावर ठेवला.

"उद्या जुना काढ, ह्यो बसव. जुना अडून बसंल, घाई करू नको. भोकात ग्रीस भर, वरून लोखंडी दांडा ठोक, ग्रीसच त्याला मागनं ढकलील. नायच निघाला तर छिन्नीने काप, पन भोकाला ओरखडा नको. येळ लागंल. जमंल?"

"जमेल की."

"तुझ्यावर सोडतंय."

रविवारी सकाळी मी एकटाच गॅरेजमध्ये होतो. त्या दिवशी लालबागहून मोर्चा शिवाजी पार्कच्या सभेला जाणार होता आणि आमच्या चाळीच्या फलकाची एक काठी माझ्याकडे होती. आठ दिवस सगळ्या चाळीला मी ते सांगत होतो. ग्रीस भरलं, दांडा ठोकला. ग्रीस बाजूने उडालं, बुश हलला नाही. पुन्हा भरलं, पुन्हा ठोकलं. नाही. छिन्नी घेतली, पण तासाभराचं काम दिसत होतं. बाहेर ताशा वाजायला लागला. दिनू गिअरबॉक्स उचलू लागायला आला होता, तो दारातून म्हणाला, "आटप रे वसंता, माणसं निघाली."

मी छिन्नी खाली ठेवली. जुन्या बुशाच्या भोकात ग्रीस ठासून भरलं. नवा बुश फडक्यासकट खिशात घातला. दिनूला म्हणालो, "झालं. धर." आम्ही गिअरबॉक्स चढवला. दिनूने आत बघितलं नाही, त्याला बघायचं काय ते ठाऊकही नव्हतं. तासाभरात मी फलकाची काठी धरून दादरच्या रस्त्यावर होतो आणि गॅलरीतल्या बायका आमच्यावर फुलं टाकत होत्या. पुढच्या आठवड्यात कधीतरी बदलू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

सोमवारी मेस्त्री आले. आई सावरली होती.

"बसला?"

"बसला."

"तरास दिला?"

"थोडासा."

"थोडासा" म्हणालो तरी त्या दिवशी ते रागावले नाहीत, नुसते हसले. जीपखाली जाऊन दांडा लावला. मी पेडल दाबलं. ताज्या ग्रीसमध्ये जुना बुश अगदी गप्प होता. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "आता ही दगा देनार नाय." गाडीबद्दल असं वचन देताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. एरवी म्हणायचे, बघू या.

मग मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवरून जाहीर झालं आणि जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यांवर दगड, जळके टायर, संचारबंदी, गोळीबार. आम्ही घरातच होतो. तिसऱ्या मजल्यावरचे शिवरामदादा, भागीरथीवहिनींचे यजमान, गिरणीत साच्यावर होते. संचारबंदी तासभर सैल केली तेव्हा ते मुलीसाठी दूध आणायला उतरले. तास संपायच्या आत परत निघाले होते. नाक्यावर गडबड झाली, गोळी मांडीत बसली.

दिनूने पाच मिनिटांत जीप आणली. शिवरामदादांना मागे निजवलं. लालबागहून परळचं इस्पितळ किती लांब? चालत वीस मिनिटं. पण वाटेत आपल्याच पोरांनी रचलेले दगडांचे ढीग. दिनूने चारी चाकांचा जोर लावला आणि गाडी ढिगांवरून चढवत नेली. प्रत्येक ढिगाला क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, क्लच दाबायचा. ग्रीस वितळलं असणार. तिसऱ्या ढिगाशी बुशाने गिअरबॉक्सचा दांडा धरला. पेडल तळाला दाबून ठेवलं तरी गाडी पुढे ओढतेय, गिअरचे दात कराकरा वाजताहेत, गिअर पडत नाही. दिनूने इंजिन बंद केलं, गिअर टाकून स्टार्टर मारला, जीप उसळून दगडांत रुतली आणि पुन्हा चालू झाली नाही. कुठूनतरी हातगाडी मिळवली. तोवर मागची ताडपत्री रक्ताने भरली होती. इस्पितळाच्या फाटकापर्यंत शिवरामदादा बोलत होते. दुधाची बाटली कुठे आहे, विचारत होते.

हे दिनूने सांगितलं, त्यांना नेलं त्याच दिवशी, आमच्या चाळीच्या चौकात, सगळ्यांसमोर. मी तिथे उभा होतो.

संचारबंदी उठल्यावर माणसांनी जीप ढकलत गॅरेजमध्ये आणली. डॉक्टर आले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही म्हणाला होतात, दगा देणार नाही." मेस्त्री उकिडवे बसले होते, ते उठून उभे राहिले. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "खोल. माझे हात चालत नायत. खोल आणि मना दाखव."

त्या वेळी सांगता आलं असतं. मी खोलायला लागलो.

बुश निळा-काळा पडून दांड्यावर चिकटला होता. ठोकून उतरवावा लागला. मेस्त्री दाराकडे तोंड करून बसले होते, पाठमोरे. मी तो जुना बुश मुठीत घेतला, हात धुवायला म्हणून मागच्या मोरीवर गेलो आणि गटारात सोडून दिला. माझ्या पत्र्याच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला नवा बुश होता. त्याच्यावर छिन्नीने एक ओरखडा काढला, काळं ग्रीस माखलं आणि तो नेऊन त्यांच्या हातात ठेवला.

"बुश चांगला आहे, मेस्त्री. बेअरिंग अडकलं होतं."

त्यांनी बुश सदऱ्याला पुसला. उजेडाकडे धरून आतून पाहिला. झीज नव्हती, असणार कशी? मग दोन बोटांत धरून नखाने वाजवला आणि डाव्या कानाशी नेला. तो तसाच वाजला, बारीक आणि लांब.

मग म्हणाले, "म्हंजे बेअरिंग ओरडत होता. आणि मी बुश आयकला."

मेस्त्रींनी बुश मला परत दिला. डॉक्टरांनी ती जीप तशीच भंगारात काढली, म्हणून तो माझ्याकडेच राहिला.

त्यानंतर त्यांनी भिंतीवरचा दांडा उतरवला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "वसंता बघेल." मी बघायचो. त्यांनीच शिकवलेलं होतं, त्यामुळे बरोबर यायचं. हळूहळू लोक मलाच मेस्त्री म्हणायला लागले आणि मी ओ द्यायला लागलो.

एक दिवस ते आमच्या चाळीत आले. मी पहिल्या मजल्यावर दाराआड उभा राहून त्यांची पावलं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना ऐकली. त्यांनी भागीरथीवहिनींना सांगितलं, "माझ्या कानाची चूक झाली, बाई. आवाज मी वळखला नाय." वहिनींनी पाणी दिलं. ते प्यायले आणि उतरले. मग दर शुक्रवारी त्यांच्या दाराशी सुक्या बोंबलांची पुडी ठेवलेली असायची. वहिनी ती शेजारी देऊन टाकायच्या. काही महिन्यांनी मेस्त्रींनी गॅरेज सोडलं. बहिरा मेस्त्री म्हणून त्यांचं नाव तोवर लालबागपासून माहीमपर्यंत झालं होतं. ते खोडावं असं त्यांना वाटलं नाही. मला वाटलं, पण मी खोडलं नाही.

शेवटचं पाहिलं ते राज्य झालं त्या दिवशी. सगळी मुंबई नटलेली, ढोल, गुलाल, पेढे. चाळीतल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायला पाहिलं, मोर्चातला जुना माणूस म्हणून. मी निसटलो. खिशात बुश घातला आणि माहीमला गेलो, आज सांगून टाकायचं म्हणून.

मेस्त्री किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. वल्ह्याचा तो दांडा वाळूत खुंटी म्हणून ठोकलेला, त्याला जाळं ताणून बांधलेलं. कानाकडचं टोक हातोड्याने पार चेचलं होतं. त्यांनी मला ओळखलं, बाजूची वाळू हाताने साफ करून बसायला सांगितलं. पुतण्याने होडीला नवं इंजिन बसवलं होतं, ते सुरू होऊन गुदमरत होतं. पुतण्या हाक मारत होता, "काका, जरा आयका ना, काय झालंय?"

"मना नाय कलत आता," मेस्त्री म्हणाले.

पण मी त्यांच्याकडे बघत होतो. मान डावीकडे कलली होती. डोळे मिटले होते. इंजिन गुदमरायच्या क्षणी त्यांच्या पायाचा अंगठा वाळूत दाबला जात होता, दर वेळी, बरोबर त्याच क्षणी. आणि ओठांतल्या ओठांत ते म्हणाले, "पंप."

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय नाय."

मी उठून होडीपाशी गेलो. डिझेलचा पंप उघडला. त्यातच होतं. इंजिन सुरळीत लागल्यावर पुतण्या खूश झाला, "वसंतभाऊ, काय कान आहे तुमचा!" आणि मागून मेस्त्रींचा आवाज आला. त्यात अभिमान होता. तो ऐकल्यापासून मला अभिमानाचा शब्दच सोसत नाही.

"माझ्या हाताखालचा हाय तो."

मी परत येऊन बसलो. हात खिशात होता, बुश मुठीत होता. मेस्त्री जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको हां, वसंता. तू बुश बसवलास तो बरोबर बसवलास. मी वाजवून बघितला ना. हात तुझा खोटा नव्हता. कान माझा खोटा."

तेव्हा बोलायला हवं होतं. लांबून ढोल ऐकू येत होते. मी म्हणालो, "येतो, मेस्त्री." त्यांनी मान हलवली. रस्त्याला लागताना मागे वळून पाहिलं, तर ते खुंटीला बांधलेलं जाळं ओढून बघत होते, घट्ट आहे की नाही.

दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही महिन्याभराने.

बुश माझ्याकडे आहे. हे लिहिताना समोर ठेवला आहे. वाजवून पाहिला, अजून वाजतो.

मेस्त्रींनी बुश म्हटलं होतं आणि बुशच होता. तो मी बदलला नव्हता. हे त्यांना सांगणं माझ्याकडून राहिलं आणि आता ते होणार नाही. भागीरथीवहिनींना सांगणं राहिलं आहे. त्या घरी आहेत. दोन मजले चढायचे आहेत.